बुद्धीने शोधलेला, भक्तीने जपलेला ख्रिस्त : रेव्हरंड टिळकांची जीवनयात्रा

पेठ वडगाव, ता. ९ मे : मराठी काव्यरसिकांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून परिचित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची आज पुण्यतिथी. 'केवढे हे क्रौर्य!' ही त्यांची कविता शाळेच्या क्रमिक पुस्तकातून अनेक पिढ्यांनी पाठ केली. 'वनवासी फूल' या काव्याचा उल्लेख मराठी कवितेच्या इतिहासात आवर्जून होतो. मात्र ज्या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले, संसाराची घडी विस्कटली आणि पुन्हा बसवली, त्या प्रश्नाची ओळख सर्वसामान्य वाचकाला फारशी नसते. संस्कृत विद्येत मुरलेला, कीर्तने करणारा, पुराणे सांगणारा एक चित्पावन ब्राह्मण वयाच्या चौतिसाव्या वर्षी ख्रिस्ती का झाला आणि झाल्यानंतर त्याच्या श्रद्धेचे पुढे काय झाले, हा तो प्रश्न होय.

वडगावच्या परिसराला मराठी ख्रिस्ती समाज नवा नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात कामास प्रारंभ केला. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले. वडगावपासून जवळच असलेल्या कोडोलीतही मिशनचे रुग्णालय झाले. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या रविवारच्या उपासनेत आजही टिळकांची पदे गायली जातात. खुद्द टिळकांच्या जीवनाचा शेवटचा अध्यायही या मुलखाच्या शेजारीच लिहिला गेला. वडगावहून महामार्गाने उत्तरेकडे निघाले की कराडच्या पुढे सातारा लागते. त्या साताऱ्यात १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. तेथपर्यंतचा त्यांचा प्रवास मात्र दूरच्या वाटांनी झाला होता.

कोकणातून नाशिककडे

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने ते करारी आणि तापट. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. मुलाला पद्याचा नाद लागला तो आईमुळे. तिचे छत्र मात्र त्यांना फार काळ लाभले नाही. आई गेली तेव्हा नारायण अकरा-बारा वर्षांचा होता. त्यानंतर घराशी त्याचा धागा तुटला. मुलगा घराबाहेर पडला आणि नाशिकला येऊन थडकला.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या परिसरात त्यांना विद्येचा आधार मिळाला. गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या पंडितांच्या सहवासात त्यांनी संस्कृत काव्याचा अभ्यास केला. इंग्रजी शिक्षणही काही काळ झाले, परंतु ते पूर्णत्वास गेले नाही. पुढे पोटासाठी त्यांनी अनेक कामे केली. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी कीर्तनकार, तर कधी छापखान्यात खिळे जुळवणारे कामगार अशा भूमिका ते वठवत राहिले. एका गावी फार दिवस राहायचे नाही, हातात आलेला पैसा टिकवायचा नाही आणि मनात आलेली गोष्ट उद्यावर टाकायची नाही, हा त्यांचा स्वभाव अखेरपर्यंत बदलला नाही.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले यांची कन्या मनू हिच्याशी त्यांचा विवाह झाला. वधूचे वय अकरा-बारा वर्षांचे. हीच मनू पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाली. तिचे माहेर सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कमालीचे कडक. बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेतल्याखेरीज घरात घ्यायचा नाही, असा तिच्या वडिलांचा दंडक होता. तिला शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख झाली ती पतीकडून. या दोघांच्या संसारात सुबत्ता कधी आली नाही. वादळे मात्र वारंवार आली.

मनातील कसोट्या

नागपूरला टिळकांना काहीसे स्थैर्य लाभले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या मराठी भाषांतराचे काम मिळाले. 'ऋषि' नावाचे मासिकही त्यांनी चालवले. धर्म हा त्या मासिकाचा विषय होता आणि संपादकाच्या मनातील अस्वस्थतेचाही.

त्या काळचा महाराष्ट्र या अस्वस्थतेने भारलेला होता. प्रार्थना समाज १८६७ मध्ये स्थापन झाला होता. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाला १८७३ मध्ये आरंभ झाला होता. जातिभेद, कर्मकांड आणि देशाची पारतंत्र्यातील अवस्था यांचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न विचारी तरुणांना सतावत होता. टिळक त्यांपैकीच एक. देश उठवायचा असेल तर माणसामाणसांतील भिंती पडल्या पाहिजेत आणि त्या पाडण्याचे बळ धर्मातूनच आले पाहिजे, अशी त्यांची धारणा झाली होती. प्रचलित रूढी त्यांच्या बुद्धीला पटत नव्हत्या आणि निव्वळ सुधारणेची भाषा हृदयाला पुरत नव्हती.

तेव्हा त्यांनी मनाशी काही कसोट्या ठरवल्या. खरा धर्म कोणता, तर जो ईश्वराला साऱ्या माणसांचा पिता मानतो आणि म्हणून माणसांना परस्परांचे भाऊ ठरवतो. ज्यात जन्मावरून कोणी उच्च वा नीच ठरत नाही. ज्यात भक्ती आणि माणसावरचे प्रेम या दोन गोष्टींना सर्वांत वरचे स्थान आहे. या कसोट्यांना उतरणारा धर्म तयार मिळेल अशी आशा त्यांना नव्हती. प्रसंगी आपणच असा पंथ स्थापन करावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते. ख्रिस्ती धर्माचा विचार तोपर्यंत त्यांच्या मनाला शिवला नव्हता. तो राज्यकर्त्यांचा धर्म, एवढीच त्याची ओळख होती.

रेल्वेच्या डब्यातील पुस्तक

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे नोकरीच्या शोधात निघाले. रेल्वेच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ बसलेले होते. गोरा साहेब म्हटला की हिंदी प्रवाशाने अपमानाची तयारी ठेवावी, असा तो काळ. या गृहस्थांनी मात्र आदराने जागा करून दिली आणि गप्पांना सुरुवात केली. विषय निघाला काव्याचा आणि तेथून धर्माचा. निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हाती बायबलमधील 'नवा करार' ठेवला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना त्या बोलण्याचे हसू आले असल्यास नवल नाही. त्या प्रवाशाचे नावही त्यांना त्या वेळी कळले नाही.

पुस्तक वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून टिळक ते वाचू लागले. पहिली काही पाने त्यांना फारशी भावली नाहीत. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र ते थांबले. शत्रूवर प्रेम करण्याचा, अपकाराची फेड उपकाराने करण्याचा, दिखाऊ धार्मिकतेचा त्याग करण्याचा तो उपदेश त्यांना आपल्या मनातील प्रश्नांचे उत्तर वाटला. आपण शोधत होतो त्या साऱ्या कसोट्या येथे आधीच लिहून ठेवलेल्या आहेत, असा त्यांना प्रत्यय आला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. टिळकांना प्रथम पटली ती शिकवण. चमत्कार, सिद्धांत, चर्चची परंपरा या गोष्टी त्यांच्या वाचनात नंतर आल्या आणि त्यांविषयीच्या शंकाही त्यांनी दडपून टाकल्या नाहीत. ख्रिस्ती नियतकालिकाशी त्यांनी नाव न सांगता पत्रव्यवहार सुरू केला. एकेक आक्षेप मांडायचा, उत्तर तपासायचे, पुन्हा प्रश्न करायचा, असा हा क्रम चालला. शिकवणीपासून त्यांचे लक्ष हळूहळू शिकवणाऱ्याकडे वळले. जे सांगितले ते शेवटच्या श्वासापर्यंत आचरणात आणणारा, वधस्तंभावरूनही आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणारा येशू त्यांना केवळ नीतीचा शिक्षक वाटेनासा झाला. बुद्धीने सुरू झालेला शोध व्यक्तीपाशी येऊन थांबला. अशा व्यक्तीला मान्यता देऊन पुढे जाता येत नाही. तिचे अनुयायी तरी व्हावे लागते किंवा तिच्याकडे पाठ तरी फिरवावी लागते. टिळकांनी अनुयायी होण्याचे ठरवले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता भारतीय पाद्र्याच्या हातून घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. रेल्वेतील प्रवाशाने वर्तवलेली दोन वर्षांची मुदत अजून पुरी व्हायची होती.

श्रद्धेची किंमत

महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गातून ख्रिस्ती झालेले टिळक पहिले नव्हेत. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बेळगावात तो घेतला. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. यांतील प्रत्येकाचा मार्ग अभ्यासाचा आणि वादविवादाचा होता. प्रत्येकाला आप्तस्वकीयांचा रोष पत्करावा लागला. टिळकांच्या बाबतीत हा घाव सर्वाधिक खोलवर बसला तो त्यांच्या घरात.

लक्ष्मीबाईंना पतीच्या निर्णयाची वार्ता समजली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पदरी लहानगा दत्तू. पती जिवंत असून संसार उद्ध्वस्त. आप्तांच्या दृष्टीने तर टिळक मेल्यातच जमा होते. त्या काळच्या ब्राह्मण घरातील स्त्रीला पतीसोबत जावे तर जात आणि माहेर दोन्ही तुटणार, न जावे तर पती तुटणार, अशा कात्रीत सापडलेल्या लक्ष्मीबाईंनी जवळजवळ पाच वर्षे पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी नातेवाइकांच्या आश्रयाने काढली. जीव द्यावा असे वाटण्याइतकी त्यांची अवस्था झाली होती. ही सारी कहाणी त्यांनी पुढे 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात विलक्षण प्रांजळपणे आणि आश्चर्य वाटावे इतक्या विनोदबुद्धीने सांगितली आहे.

टिळकांच्या श्रद्धेची खरी परीक्षा याच काळात झाली. देव सर्वांचा पिता आहे हे मान्य करणे एक आणि त्या मान्यतेपायी आपल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणणे दुसरे. टिळक तापट होते, हळवेही होते. पत्नीच्या विरहाने ते तळमळत होते. तरीही तिला ओढून आणण्याचा, तिच्यावर धर्म लादण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. पत्रे लिहिली, भेटीगाठी घेतल्या, वाट पाहिली.

घरातील पालट

अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या. आल्या त्या आपला धर्म सोडायचा नाही असा निश्चय करूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कडक. एकाच घरात दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी पत्नीच्या सोवळ्याला धक्का लागू दिला नाही. तिने ख्रिस्ती व्हावे ही त्यांची तळमळ लपण्यासारखी नव्हती, परंतु आग्रहापेक्षा सहवासावर त्यांचा अधिक भरवसा होता.

लक्ष्मीबाईंमध्ये पालट झाला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने. राहुरी येथे असताना त्या एकदा जातिभेदाचा विचार करीत बसल्या होत्या. माणसे देवाने निर्माण केली, मग जाती कोणी निर्माण केल्या, हा प्रश्न त्यांना पडला. प्राण्यांत जाती आहेत तशा माणसांत दिसत नाहीत. तेव्हा हा भेद देवाचा नसून माणसाचाच असला पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्या क्षणापासून त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले. ज्या घरात बाजारचा जिन्नस धुऊन घेतला जाई, त्या घरातील लेकीने उचललेले हे पाऊल लहान नव्हते. ग्रंथ वाचून जे टिळकांना गवसले होते, ते औपचारिक शिक्षण नसलेल्या त्यांच्या पत्नीला साध्या तर्काने गवसले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी मुलासह बाप्तिस्मा घेतला.

त्याच सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला. टिळकांच्या घराचे दार अनाथ, भुकेल्या मुलांसाठी उघडे राहिले. घरात उद्याची भ्रांत असताना आणखी तोंडे आणण्याचा टिळकांचा स्वभाव लक्ष्मीबाईंना परिचित होता. आता त्या स्वतःही त्या कामात उतरल्या. पुढे त्र्यंबक बापूजी ठोमरे अर्थात बालकवी हा कोवळा कवीही टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. बालकवी हिंदूच राहिले आणि त्यामुळे त्या घरातील त्यांच्या स्थानाला कधी बाधा आली नाही. टिळकांच्या श्रद्धेचे मोजमाप करायचे तर अशा साध्या घटनांकडे पाहावे लागते.

तुकोबांच्या वाटेने

नगरला टिळकांनी मिशनच्या धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेत अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना रीतसर पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केलेले नियतकालिक. त्याच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून टिळकांकडे आले.

बाहेरून पाहता हा यशाचा काळ होता. टिळकांच्या मनात मात्र नवी अस्वस्थता मूळ धरू लागली होती. ज्या ख्रिस्ताने त्यांना ओढून घेतले होते, त्याची उपासना महाराष्ट्रात परक्या चालींवर, परक्या शिस्तीत, भाषांतरित शब्दांत होत होती. ख्रिस्ती झालेला मराठी माणूस आपल्या गावापासून, सणांपासून, भाषेच्या गोडव्यापासून तुटत होता. बाप्तिस्मा म्हणजे देशत्याग, असा जो आक्षेप घेतला जाई, त्याला मिशनच्या पद्धतीच खतपाणी घालत होत्या, असे टिळकांना वाटू लागले.

आणखी एक प्रश्न त्याहून खोल होता. बुद्धीला पटलेली गोष्ट रोजच्या जगण्यात कशी उतरवायची? सकाळी उठल्यावर देवाशी काय बोलायचे? पापाची टोचणी, एकटेपणा, कृतज्ञता ही कोणत्या शब्दांत सांगायची? तर्काची भाषा येथे तोकडी पडत होती. टिळकांना ही भाषा सापडली ती आपल्याच मातीत. ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा यांच्या अभंगांकडे ते नव्या दृष्टीने वळले. देवाला आई म्हणून हाक मारणारी, त्याच्याशी भांडणारी, त्याच्यापुढे रडणारी वारकरी भक्ती त्यांच्या रक्तात होतीच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. ख्रिस्ती झाल्याने संतांचा वारसा सोडावा लागतो, हे त्यांना मान्य नव्हते. उलट त्या वारशानेच आपल्याला ख्रिस्त अधिक आपलासा केला, असे ते मानत.

यातून 'अभंगांजलि'तील रचना जन्मल्या. ख्रिस्त येथे गुरू आहे, माउली आहे, सखा आहे. अभंगाचा छंद, ओवीचा ओघ, कीर्तनाचा थाट या साऱ्यांचा टिळकांनी मुक्त वापर केला. स्वतः हाती टाळ घेऊन त्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाचा फार मोठा भाग टिळकांच्या पदांनी व्यापला आहे. कोकणी-मराठी भाषेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिले त्याला तीनशे वर्षे होत आली होती. त्याचीच आठवण व्हावी अशा भव्य आवाक्याने टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र हाती घेतले. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पुढे ते पूर्णत्वास नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी केले. ज्या धर्मापायी कधीकाळी संसार मोडला होता, त्याच धर्माचे महाकाव्य पतीमागे पत्नीने पुढे न्यावे, यापरते सौहार्द कोणते?

देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी आयुष्यातील दुसरा मोठा निर्णय घेतला. मिशनच्या चाकरीचे बंधन त्यांनी सोडले आणि ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' या बंधुसंघाची मांडणी केली. बाप्तिस्मा घेतलेल्यांना तर येथे स्थान होतेच, परंतु बाप्तिस्मा न घेताही ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांनाही दार खुले होते. संप्रदायांचे भेद, मिशनची वेतने, परदेशी पैसा यांच्यापासून दूर अशी भारतीय ख्रिस्तभक्तांची मंडळी उभी राहावी, ही त्यांची आकांक्षा होती.

मिशनमधील अनेकांना हा विचार रुचला नाही. बाप्तिस्म्याचे महत्त्व यातून कमी होते, अशी शंका घेणारे होते, तसेच एवढी मोठी योजना टिळकांच्या अस्थिर स्वभावाला पेलणार नाही, अशी चिंता करणारेही होते. या शंका सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाहीत. टिळक संघटक नव्हते. हिशेब, नियम, वेळापत्रक यांचा त्यांना कंटाळा होता. तथापि त्यांचा प्रश्न खरा होता. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाने आपली भाषा, आपला समाज, आपला देश यांपासून तुटलेच पाहिजे काय? स्वातंत्र्याची चळवळ जोर धरत असताना, ख्रिस्ती माणसाच्या देशप्रेमाविषयी सर्रास संशय घेतला जात असताना, देशभक्तीची गीते लिहिणाऱ्या या पाद्र्याने विचारलेला हा प्रश्न धाडसाचा होता.

दरबाराला पुरता आकार येण्याइतका अवधी टिळकांना मिळाला नाही. १९१९ च्या आरंभी त्यांची प्रकृती ढासळली. उपचारांसाठी त्यांना मुंबईला नेण्यात आले आणि तेथेच जे. जे. रुग्णालयात ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तावन्न. दफनाची ख्रिस्ती रूढी बाजूस ठेवून आपल्या देहाला भारतीय पद्धतीप्रमाणे अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. ज्याचे सारे आयुष्य ख्रिस्ताला मराठी मातीत रुजवण्यात गेले, त्याने आपल्या अखेरच्या संस्कारातूनही तीच गोष्ट सांगितली.

मागे उरलेले

लक्ष्मीबाई पतीमागे सतरा वर्षे जगल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. आज टिळकांची जी ओळख मराठी वाचकाला आहे, ती बरीचशी या पुस्तकातून आलेली आहे. त्यात टिळक संत म्हणून येत नाहीत. विसराळू, रागीट, उधळे, प्रेमळ, हट्टी आणि खरे असे ते एक माणूस म्हणून येतात. त्यांच्या श्रद्धेवर वाचकाचा विश्वास बसतो तोही त्यामुळेच.

टिळकांच्या जीवनाकडे पाहताना त्यांच्या श्रद्धेची दोन अंगे स्पष्ट दिसतात. पहिले अंग कारणांचे. त्यांनी धर्म वाऱ्यावर वा लोभाने स्वीकारला नाही. प्रश्न ठरवले, ग्रंथ वाचला, शंका विचारल्या, उत्तरे तपासली. जातिभेदाला थारा न देणारा ईश्वराचा पितृभाव आणि बोलण्यात व वागण्यात तफावत नसलेले येशूचे चरित्र, ही त्यांची दोन मुख्य कारणे होती. या कारणांशी कोणी असहमत होऊ शकेल. त्यांच्या काळी अनेक विद्वान असहमत होतेही. परंतु ती विचारपूर्वक शोधलेली होती, हे नाकारता येत नाही.

दुसरे अंग वाढीचे. १८९५ चा बाप्तिस्मा एका दिवसात झाला. त्यानंतरची चोवीस वर्षे ती श्रद्धा वाढवण्यात गेली. वियोगाने तिला धीर शिकवला. पत्नीच्या सोवळ्याने तिला दुसऱ्याच्या मनाचा आदर शिकवला. दुष्काळाने तिला हात दिले आणि अभंगाने वाणी दिली. साताऱ्याच्या दरबारात तिने स्वतःचे घर मागितले. विशेष म्हणजे वय आणि कीर्ती वाढली तसतशी टिळकांची आपल्या पूर्णत्वाविषयीची खात्री वाढली नाही. देवापुढे आपण अजून फार उणे आहोत, हा भाव त्यांच्या उत्तरकाळातील रचनांत पुन्हा पुन्हा येतो. डब्यातल्या त्या प्रवाशाचे भाकीत खरे ठरण्यास दोन वर्षेही लागली नाहीत. त्या पुस्तकाप्रमाणे जगण्याचा अभ्यास मात्र टिळक जे. जे. रुग्णालयातील त्या मे महिन्यापर्यंत करीत राहिले.